सॅलोमीअरची बिनविरोध खुर्ची

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सॅलोमीअरच्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गुत्त्यात ती कितीदा तरी सांगून झाली आहे, आणि दर वेळी बाहेरगावचा पाहुणा ग्लास खाली ठेवतो, हसतो आणि म्हणतो, ‘काहीतरीच.’ नका ठेवू विश्वास. पण मंडळी, तुमच्यापैकी जे मतदानाच्या दिवशी सुट्टी समजून घरी लोळतात, त्यांनी निदान ऐकून तरी घ्या.

सॅलोमीअर हे सॉमरसेट परगण्यातल्या पाणथळ सपाटीवरचं गाव. इतकं सपाट, की तिथल्या बदकांनाही चढ लागला की दम लागतो. हिवाळ्यात नदी काठ सोडते आणि गावाला रस्ता म्हणून उरते ती एक नाव. ती नाव पॅरिशची, म्हणजे गावाच्या छोट्या पंचायतीची. आधी आजाऱ्याला न्यायचं की गाईंचा चारा आणायचा, हे पंचायत ठरवते, आणि गाव ऐकतं.

पंचायतीचा अध्यक्ष क्लेमेंट टॅपसेल. धंदा वाळुंजाच्या झाडाच्या लवचिक फोकांच्या टोपल्या विणण्याचा. माणूस सरळ, पण एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान. आजवर त्याच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं. दर निवडणुकीला जितक्या जागा तितकेच अर्ज, सगळे बिनविरोध. मतपेटी गावात यायचीच नाही. सॅलोमीअरमध्ये बसलेल्या माणसाविरुद्ध अर्ज भरणं म्हणजे चहा पीत असलेल्याच्या खालून खुर्ची ओढण्यासारखं. हे लोक इतके सभ्य, की अंधारात झाडावर आपटले तर झाडाची माफी मागतात.

अशात एका शरद ऋतूत फलकावर सूचना लागली. जिल्हा कौन्सिल आपल्या सगळ्या पॅरिशांचा आढावा घेणार होतं: कोणत्या गावाची हद्द कुठवर, पंचायत ठेवायची की शेजारच्या गावाला जोडायची, मतपेटी कुठे ठेवली म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोचता येईल. आधी कच्चा प्रस्ताव, मग लोकांचं म्हणणं, मग कौन्सिलच्या सभेत निर्णय. आणि सॅलोमीअरबद्दल कच्चा प्रस्ताव होता तो असा, की पंचायत बंद करून गाव टेकडीवरच्या हंटस्टोकला जोडावं. मतपेटी हंटस्टोकला, पुरातली नावही हंटस्टोकला. जिथे पाणी फक्त नळाला येतं त्या गावाला!

निवडणूक खात्यातल्या मिस पिलबीम लोकांचं म्हणणं ऐकायला आल्या. चर्चच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी प्रस्ताव समजावून सांगितला आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारलं. कोणी बोलेना. पाहुणीच्या तोंडावर नाही म्हणायचं कसं? गावानं आपला संताप आपल्या रीतीनं दाखवला. चॉकलेटची बिस्किटं कपाटात कुलूपबंद झाली आणि बाईंपुढे साधी बिस्किटं आली. सॅलोमीअरमध्ये याहून मोठी शिवी नाही. मिस पिलबीमनी दोन बिस्किटं आवडीनं खाल्ली, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि शेवटी लिहून घेतलं, की हरकत नाही.

क्लेमेंट तणतणत हेस्टर लव्हरिजच्या घरी गेला. हेस्टर चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांची म्होरकी, आणि पुरात नाव हाकायचीही तीच. शाळेपासूनची दोस्ती. त्यानं आत पाऊल टाकल्या टाकल्या मिस पिलबीमचा उद्धार सुरू केला. कसली बाई ही, सगळा गाव धुमसत होता आणि हिला दिसलं नाही.

‘तिला दिसणार काय?’ हेस्टर म्हणाली. ‘बोललो का आपण?’

‘साधी बिस्किटं दिली की.’

‘तिच्या कागदावर बिस्किटांचा रकाना नाही, क्लेम. तू अध्यक्ष. तू का नाही उठलास?’

क्लेमेंटनं टोपी हातात फिरवली. मग हेस्टरनं सांगितलं, की सभा संपल्यावर तिनं बाईंना गाठून हा प्रस्ताव आलाच कसा ते विचारून घेतलं होतं. बाई काही वैरी नव्हत्या. त्यांच्यापुढे एवढंच होतं, की या गावात पंचायतीसाठी कोणाच्या आठवणीत मतदान झालेलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे पंचायतीचं कोणाला सोयरसुतक नाही.

‘म्हणजे माझ्यामुळे गावाची नाव जाणार म्हणतेस?’

‘आपल्या सगळ्यांमुळे. तू खुर्ची सोडली नाहीस, आम्ही मागितली नाही.’

‘अगं, लोकांना मी हवा आहे म्हणून कोणी उभं राहिलं नाही!’

‘विचारलंय कोणी लोकांना? हवा असशीलही तू. नसशीलही. तुला ठाऊक नाही, मला नाही, त्या बाईला तर नाहीच.’ हेस्टर खिडकीबाहेर त्याच्या मळ्याकडे बघत म्हणाली, ‘वाळुंज वर्षानुवर्षं छाटलं नाही तर काय होतं रे त्याचं?’

हे तर क्लेमेंटला झोपेतही सांगता आलं असतं. न छाटलेलं वाळुंज डोईजड होतं, आतून पोकळ पडतं, आणि एखाद्या वाऱ्यात उभं फाटतं. छाटलेल्यालाच नवे फोक फुटतात. त्यानं चुलीतले निखारे सारखे केले, आणि पडत्या आवाजात म्हणाला, ‘मी खुर्चीतून उठलो, तर तू माझ्याविरुद्ध उभी राहशील?’

‘राहीन. पण आधी ऊठ तर खरा.’

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटनं राजीनामा दिला. गावाला वाटलं, याला ताप भरलाय. लोक सूप घेऊन आले. तेव्हा त्यानं दारातच सांगितलं, की जागा रिकामी झाली आहे, आणि गावातल्या दहा मतदारांनी मागणी केली तरच मतदान होतं, नाहीतर पंचायत गुपचूप कोणालातरी घेऊन जागा भरते. आजवर तशीच भरत आली. सूप आणणाऱ्यांनी खाली मान घातली, आणि मागणीवर सह्या केल्या. प्रत्येकानं सही इतकी बारीक केली, की मिस पिलबीमना भिंग लागलं म्हणतात. सही करून प्रत्येक जण क्लेमेंटची माफी मागून गेला, आणि आढाव्यासाठी कौन्सिलला हरकतीचं पत्र लिहायला बसला. एकूण एक पत्राची सुरुवात ‘आपल्याला त्रास देत आहे, क्षमा असावी’ अशी होती. पण त्यापुढे जे लिहिलं होतं, त्यानं पोस्टमनची पिशवी गरम झाली होती.

हेस्टरनं अर्ज भरला, आणि त्याच जागेसाठी पुन्हा क्लेमेंटनंही. मग प्रचार! क्लेमेंट दारोदार जाऊन हेस्टरची तारीफ करू लागला आणि हेस्टर क्लेमेंटची. एका म्हाताऱ्यानं वैतागून दोघांना एकत्र बसवलं आणि सुनावलं, की एकमेकांचं लग्न जमवायला निघालात की मतं मागायला? नीट सांगा, नाव कशी चालवणार. तेव्हा कुठे दोघं सरळ बोलू लागले. क्लेमेंटचं म्हणणं, नाव पूर्वीसारखी अध्यक्षाच्या सांगण्यावरून निघावी. हेस्टरचं म्हणणं, घरोघरी घंटा ठेवून तिची खूण ठरवावी, म्हणजे गावाच्या टोकाच्या घरालाही नाव मागता येईल. भर रस्त्यात दोघांचा वाद झाला, आणि आभाळ कोसळलं नाही. गाव आ वासून ऐकत राहिलं.

आभाळ कोसळलं ते मतदानाच्या आदल्या दिवशी. तसा पूर पुन्हा आला नाही. पाणी एवढं चढलं, की मासे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत येऊन आत कोण आहे ते बघत होते. सॅलोमीअरात कोरडी राहिली फक्त चर्चची टेकडी. टेकडी म्हणजे तरी काय, चार टोपल्या पालथ्या घातल्या तर होईल एवढा उंचवटा. मतदान पुढे ढकलायचं नाही, असा नियम. पहाटे मिस पिलबीम काळी पेटी मांडीवर घेऊन, उमेदवार हेस्टर हाकायची ती नाव टाळून, दुसऱ्या उसन्या नावेतून आल्या. पक्षपात नको ना. सातच्या ठोक्याला त्यांनी चर्चमध्ये पेटी उघडली, जमलेल्यांसमोर तिरकी धरली आणि म्हणाल्या, ‘बघून घ्या. रिकामी आहे.’

क्लेमेंट सगळ्यांत पुढे होता. त्यानं आत डोकावून पाहिलं. इतकी वर्षं तो पंचायतीत बसला, पण रिकामी पेटी त्यानं कधी पाहिली नव्हती. तिच्यात त्याचा अभिमान नव्हता, त्याचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं. जे यायचं ते आता लोकांच्या हातून येणार होतं. चर्चमध्ये लहानपणापासून डोकं झुकवत आलेला हा माणूस त्या दिवशी एका पत्र्याच्या पेटीसमोर टोपी काढून उभा राहिला.

आणि मग त्यानं दाराबाहेर पाहिलं.

पाण्यावर रांग लागली होती. डोळ्यांना दिसेल तिथवर! कोणी पॅरिशच्या नावेत, कोणी न्हाणीच्या टबात, कोणी सायडरच्या पिंपात बसून. एक जण घराचं पुढचं दारच बिजागऱ्यांतून काढून त्यावर बसून आला होता, आणि उतरण्याआधी त्यानं सवयीनं त्या दारावर टकटक केली. हाकेच्या अंतरावर पुराचा लोंढा धावत होता, पण रांग मोडली नाही. लोंढ्यानं कोणाला पुढे ढकललंच, तर तो पुढच्याची माफी मागून वल्ही मारत परत आपल्या जागी जायचा. हंसांचा एक थवा मध्येच घुसला, त्याला लोकांनी नुसत्या नजरेनं शेवटी पाठवलं. आणि शेवटपर्यंत थांबले ते हंस, बरं का. आजारी होते ते आले, एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ एकाच टबात आले. कोणी गडबड करत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज, आणि चर्चमध्ये कागदावर पेन्सिल फिरल्याचा.

मिस पिलबीम यांनी अनेक निवडणुका पार पाडल्या होत्या. त्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या आणि चष्मा पुसत होत्या, आणि चष्म्यावर तर पाणी नव्हतं.

क्लेमेंटची पाळी आली. त्यानं मतपत्रिका घेतली आणि आडोशात गेला. कागदावर दोनच नावं. त्यातलं एक त्याचं. आपलं नाव असं छापलेलं, आणि शेजारी दुसरं, आणि कोणीही यातलं नको ते सोडू शकतो! इतक्या बिनविरोध वर्षांत मिळाला नव्हता एवढा मान त्याला त्या एका कागदावर दिसला. पेन्सिल दोरीला बांधलेली होती. त्यानं ती उचलली.

मोजणी तिथेच, घंटांच्या दोरांखाली झाली. दोनदा झाली. हेस्टर लव्हरिज एका मतानं निवडून आली. क्षणभर कोणाला कळेना, आनंद दाखवायचा की सांत्वन करायचं. क्लेमेंट पुढे झाला, हेस्टरचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘आता गावानं विचारून बसवलंय तुला. नीट बस.’ मग तिला नावेत बसवून वल्ही त्यानं स्वतः मारली.

वसंतात जिल्हा कौन्सिलची सभा भरली. मिस पिलबीमनी गावची पत्रं मांडली आणि पुरातल्या मतदानाचा अहवाल वाचला. तो ऐकताना सभागृहात कोणी खोकलं नाही. निर्णय झाला तो असा: सॅलोमीअरची पंचायत राहील, नाव गावाची राहील, आणि मतपेटी यापुढे चर्चच्या टेकडीवरच येईल.

तर मंडळी, बोध साधा आहे. बिनविरोध खुर्ची हा मान नव्हे, ती गावाची झोप आहे. कोणी समोर उभं राहिलं तर तो वैरी नव्हे. तो आपल्यासाठी लोकांना जागं करतो. आणि सरकार आपलं म्हणणं विचारायला दारात येतं तेव्हा मनातल्या मनात रागावून भागत नाही, तोंड उघडावं लागतं. क्लेमेंट टॅपसेल हे शिकला, आणि किती शिकला याचा पुरावा हवा असेल तर ऐका. तो ज्या एका मतानं हरला, ते मत त्याचं स्वतःचंच होतं. आडोशात जाऊन त्यानं हळूच हेस्टरच्या नावापुढे फुली—

‘थांब, थांब,’ गुत्त्यातल्या शेकोटीजवळच्या बाकावरून खुद्द क्लेमेंटच म्हणाला, आणि त्यानं ग्लास खाली ठेवला. ‘मासे खपवलेस, हंस खपवलेस, बोललो का मी काही? पण मत गुप्त असतं. मी कोणाला दिलं ते हेस्टरला सांगितलेलं नाही, बायकोला नाही, पाद्र्यालाही नाही. त्या आडोशात मी होतो आणि ती पेन्सिल होती. तू कुठे होतास?’