पत्र्याखालचा उन्हाळा

चंद्राबाईच्या घरावर पत्रे चढले, त्या दिवशी सगळी वाडी हातातलं काम टाकून बघायला आली होती. धरणाच्या काठावरच्या त्या वाडीत तोवर एकजात गवताची छपरं. चंद्राबाईच्या नवऱ्याने, कुशाबाने, कोळशाच्या भट्ट्यांवर राबून पुण्याहून पत्रे आणले, पौडापर्यंत ट्रकने आणि पुढे बैलगाडीने. मिरग तोंडावर आला होता. बायका पत्र्यांकडे बघत होत्या आणि चंद्राबाई बायकांकडे.

घर तसं एकच. मधे कारवीचा कूड घालून दोघा भावांनी ते वाटून घेतलं होतं. उगवतीची बाजू थोरल्या कुशाबाची, मावळतीची धाकट्या बहिरूची. त्यामुळे आता अर्धं घर पत्र्याचं आणि अर्धं गवताचं झालं. दोघांची आई, म्हातारी गोजराबाई, थोरल्याकडे राहायची. म्हणजे आता पत्र्याखाली.

त्या पावसाळ्यात चंद्राबाई सुखाने झोपली. ताम्हिणीच्या अंगाने पाऊस यायचा तो पत्र्यावर दगड ओतल्यासारखा वाजायचा, पण आत एक थेंब नाही. बहिरूच्या बाजूला मात्र जिथे पत्रा नि गवत भिडायचं तिथूनच धार लागायची. बहिरूची बायको रत्ना रात्रभर पातेली सरकवत बसायची. पत्र्यांतले दोन पत्रे उरले होते. रत्नाने एकदा चाचरत विचारलं, "बाई, त्ये दोन पत्रं सांध्यावर टाकलं तर?"

"गोठ्याला लागतील," चंद्राबाई म्हणाली.

गोठ्याचा अजून खुंटसुद्धा रोवला नव्हता.

मग उन्हाळा आला. चैत्रातच शेतात पालापाचोळा जाळून केलेल्या राबाच्या धुराने डोंगर काळवंडले, आणि वैशाख लागला तशी हवा हलेनाशी झाली. धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडली. हंडा भरायला भेगाळलेला चिखल तुडवत थेट त्या जोत्यांपर्यंत उतरावं लागे. म्हातारी माणसं म्हणत, असा उन्हाळा बघितला नाही. पण म्हातारी माणसं दरसाल तसंच म्हणतात.

चंद्राबाईने मात्र खरंच बघितला नव्हता, कारण पत्र्याखालचा तिचा हा पहिलाच उन्हाळा. न्याहारीच्या वेळेलाच पत्रा तापायचा. दुपारी उंबरा ओलांडला की भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर यायची. कोनाड्यातल्या खोबरेलाच्या बाटलीला हात लावला तर चटका बसे. कावळा पत्र्यावर उतरला तर नखं टेकताच ओरडत उडून जाई. ती तांबडं फुटायच्या आत भाकऱ्या उरकू लागली. दारावर ओलं पोतं टांगलं, ते बघता बघता वाळून कडक होई. दुपारची पुन्हा जमीन सारवली, वर जांभळाचे डहाळे टाकले. डहाळे संध्याकाळपर्यंत करपले आणि शेजारच्या शेळ्यांनी उरलेले ओढून नेले.

कुडाच्या पलीकडे, तेवढ्याच उन्हात, गवताखाली गारवा होता.

पहिल्यांदा गेला तो कुशाबा. जेवण झालं की खांद्यावर पटका टाकून म्हणायचा, "जरा बहिरूकडं पाठ टेकून येतो." पहिल्या दिवशी चंद्राबाईने आढ्याकडे बघितलं. "आपल्याच घराला काय धाड भरलीया?" "धाड न्हाई, जाळ हाय," तो म्हणाला नि गेला. कूड काही भिंत नव्हती. पलीकडे त्याचं घोरणं सुरू झालं की तिला इकडे ऐकू यायचं. घोरणं इतकं निवांत असू शकतं, याचा तिला राग आला.

मग तिची पाच वर्षांची ठकी. पोरीच्या पाठीवर, गळ्यावर घामोळं उठलं होतं. चंद्राबाई ताकाची निवळ लावायची, पोर खाजवून खाजवून रडायची. रत्नाने एकदा तिला आपल्या दोन पोरांच्या मधे निजवलं आणि पोर दिवस कलेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ठकी आपली गोधडी ओढत निघू लागली. एकदा संध्याकाळी परत आली तर चंद्राबाईच्या मांडीवर बसून म्हणते कशी, "आये, काकीच्या लुगड्याला बी गार वास येतो."

चंद्राबाईने तिला मांडीवरून उतरवलं.

आणि शेवटी गोजराबाई. तिने काही सांगितलं-विचारलं नाही. एका सकाळी आपलं घोंगडं गुंडाळलं, मिसरीची डबी कनवटीला लावली आणि काठी टेकत पलीकडे गेली. नऊ वर्षं जिला चंद्राबाईने ऊन-ऊन भाकरी वाढली, ती म्हातारी मागे वळून "येते गं" म्हणालीसुद्धा नाही.

आता पत्र्याखाली दुपारची एकटी चंद्राबाई उरली. तिनेही पलीकडे जावं असं रत्ना दोनदा म्हणाली. "बाई, या की हिकडं, नाचणीची आंबील केलीया." पण चंद्राबाई म्हणायची, "मला काय गरम होत न्हाई." पाठीवरून घामाच्या धारा चालल्या असायच्या आणि तोंडाने ती हे म्हणायची. ती कुडाला पाठ लावून बसे, का तर तिथे थोडा गारवा झिरपतो म्हणून. निदान स्वतःला तरी ती असं सांगे. खरं म्हणजे तिथून ऐकू येई. म्हातारीचा संथ आवाज, मग रत्नाचं "अगंबाई! मग वो?" आणि मग दोघींचं हसणं. काय बोलतात ते नीट कळत नसे, हसणं तेवढं कळे. माझ्यावरच हसत असतील, असं तिला वाटे. मग वाटे, माझं नावही निघत नसेल. हे दुसरं जास्त लागे.

वाडीतला गोमा एकदा ताक मागायला आला आणि दारातूनच मागे सरला. "वैनी, पत्र्यावरच भाकर टाका की. चुलीचं लाकूड वाचंल!" पलीकडे खुदकन कोणीतरी हसलं. रत्ना होती की तिची पोरं, कोण जाणे. चंद्राबाईने ते रत्नाच्या नावावर मांडलं.

त्याच दुपारी तिने ठकीला दारात अडवलं.

"आज हितंच निजायचं."

"आये, हितं भाजतं."

"भाजू दे. आपलं घर हाय. दुसरं घर न्हाई तुला."

पोर रडली, मग हुंदके देत भुईवर आडवी झाली. चंद्राबाई सुपाने वारा घालत बसली. सुपाचा वारासुद्धा गरमच. थोड्या वेळाने तिचाच डोळा लागला. जाग आली ती ठकीच्या आवाजाने. पोर उठून बसली होती, आणि नाकातून रक्ताची धार झग्यावर उतरत होती. घोळणा फुटला होता.

चंद्राबाईची किंकाळी ऐकून रत्ना धावत आली. तिने पोरीला उचललं, तशीच पलीकडे नेली, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, मुठीने कांदा फोडून नाकाशी धरला. "खाली मान घाल गं माजी बाय. काय न्हाई, काय न्हाई." चंद्राबाई मागोमाग गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. गवताखालचा गारवा तिच्या तापल्या अंगाला लागला. पोर रक्ताने माखलेली आणि आपल्याला गार वाटतंय, याची तिला शरम वाटली. आणि तशातही तिच्या मनात आलं, पोर रत्नाच्या गळ्याला मिठी मारून बसलीय, माझ्याकडे हात करत नाही.

रक्त थांबलं. गोजराबाई कोपऱ्यातून बोलली, "त्या पत्र्याच्या मिजाशीपायी पोर घालवशील एक दिस."

रत्ना पटकन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. उन्हाचं व्हतं असं समद्यांना."

चंद्राबाईला सासूचं बोलणं लागलं, पण रत्नाचं पांघरूण घालणं त्याहून लागलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याला दोघी बरोबरच उतरल्या. सूर्य अजून डोंगराआड होता. जुन्या जोत्यांपाशी हंडे टेकवल्यावर चंद्राबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "रत्ना, तुज्याकडं पेंढा हाय न्हवं माळ्यावर?"

"हाय की."

"पत्र्यावर अंथरायला दे. पोरीसाठी मागतीया."

तिला वाटलं होतं रत्ना लगेच "घ्या की" म्हणेल, आणि मग आपण आयुष्यभर तिच्या उपकाराखाली राहू. पण रत्नाने हंड्याच्या तोंडाला गाळायला फडकं लावलं, दोन तांबे ओतले, मग सरळ उभी राहिली.

"बाई, त्यो पेंढा मिरगाआधी शाकारायचाय मला. तुमाला दिला तर मी काय पांघरू?"

"म्हंजी न्हाई म्हणतीस?"

"न्हाई म्हणत न्हाई. ते दोन पत्रं द्या. सांध्यावर टाकले म्हंजी तेवढं शाकारणं वाचंल. त्यो पेंढा तुमी घ्या."

चंद्राबाई तिच्याकडे बघतच राहिली. ही चाचरत बोलणारी रत्ना. "लई हुशार झालीस गं."

"एक पावसाळा पातेली सरकवत काढलाया," रत्ना म्हणाली. "रोज वर बघायची आन् तुमचा पत्रा दिसायचा. काय काय मनात यायचं ते तुमाला सांगत न्हाई." तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. "उचला हंडा. ऊन येतंय."

हंडा डोक्यावर घेताना चंद्राबाईला विचित्र समाधान वाटलं. म्हणजे हीसुद्धा जळत होती तर. चढण चढेपर्यंत ते समाधान तिने जपून आणलं.

दोघा भावांनी सकाळ मोडली. बहिरूने पेंढ्या फेकायच्या, कुशाबाने वर पसरायच्या, वरून वेलाने आवळून दगड ठेवायचे. दुपारच्या आत दोन पत्रेही सांध्यावर चढले. वाडीतल्या माणसांनी पुन्हा एकदा येऊन बघितलं. पत्र्यावर गवत घातलेलं घर कोणी पाहिलं नव्हतं. गोमा काहीतरी बोलणार होता, पण कुशाबाने वरून त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो विडी काढायला वळला.

घर गार झालं. गवताच्या घरासारखं नाही, पण राहण्याजोगं. त्या दुपारी कुशाबा आपल्याच घरात आडवा झाला आणि त्याचं घोरणं चंद्राबाईने अगदी जवळून ऐकलं. ठकी गोधडी घेऊन परत आली. चंद्राबाईने म्हातारीचा कोपरा सारवला, घोंगडं टाकायला जागा केली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

म्हातारी आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मग चंद्राबाई पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली. रत्ना मागे गोवऱ्या थापत होती.

"आत्याबाई, घर गार झालंय आता."

"व्हय गं. कुशाबानं सांगितलं." म्हातारी मिसरी लावत राहिली.

"मग चला की."

"ऱ्हाते हितंच थोडं दिस."

"आता काय कमी हाय तिकडं?"

गोजराबाईने मिसरीचं बोट पुसलं. रागाने नव्हे, सरळच म्हणाली, "कमी काय न्हाई पोरी. येळेला भाकर देतीस, अंथरूण घालतीस. पर तितं माज्याशी बोलतं कोण? तू त्वांड उघडतीस ते काम सांगाया, न्हाईतर पोरीवर खेकसाया. दिसभर मी आढ्याकडं बघती. आधी गवताकडं बघायची, आता पत्र्याकडं बघती."

चंद्राबाई घरी आली आणि गार घरात बसली. ज्याच्यामुळे माणसं पलीकडे गेली असं ती इतके दिवस समजत होती, तो पत्रा आता झाकलेला होता. बोट दाखवायला वर काही उरलं नव्हतं. पलीकडून पुन्हा आवाज सुरू झाले, संथ एक, आणि मधूनच "मग वो?" तिने तासभर ते ऐकून घेतलं. मग सुपात नाचणी घेतली, निवडायचं निमित्त म्हणून, आणि गेली.

तिला बघून रत्नाने आपलं सूप बाजूला सरकवून जागा केली. म्हातारी बोलायची थांबली नाही. जुन्या गावाचं सांगत होती. नवी नवरी होऊन आली तेव्हा दारात केवढं उंबराचं झाड होतं, धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा सासऱ्याने चुलीचे दगडसुद्धा उचलून वर आणले, आणि मांजर मात्र यायला तयार होईना. रत्ना हसली. तिला मांजराची गोष्ट ठाऊक होती. त्या उघड्या पडलेल्या जोत्यांतलं आपलं जोतं कोणतं, हेही ठाऊक होतं. रोज तिथेच हंडा टेकवून चंद्राबाईला मात्र ते माहीत नव्हतं. नऊ वर्षांत तिने विचारलंच नव्हतं.

"कंचं वो आपलं?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"काय?"

"जोतं. आपलं कंचं?"

गोजराबाईने तिच्याकडे पाहिलं. मग काठीचा आधार घेऊन अंग वळवलं, रत्नाकडे पाठ झाली तरी तिने पर्वा केली नाही, आणि बोटाने भुईवर रेघा ओढायला लागली. "हे बघ, ही वाट. हितं देऊळ. देवळापासनं उतरतीला..."

रत्ना आंबील आणायला उठली. चंद्राबाई रेघांवर वाकली. रत्ना परत यायला जरा वेळ लागावा, असं तिला मनापासून वाटत होतं.