डाव्या हाताची धार

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे आणि आत्ता उघडा आहे. तेव्हा जवळ या, पण बोटे सांभाळून. स्वस्थ राहणे मला कधी जमलेच नाही. माझ्या पाठीत एक स्प्रिंग आहे. मी उघडलो की ती मला उघडा धरते, मिटलो की मिटलेला. पण अर्ध्यावर असलो की मी कोणत्या बाजूला झेप घेईन याचा माझाच मला भरवसा नसतो. ही धास्ती मी जन्मभर वागवली आहे.

एका लहान कारखान्यात मला घडवले. पोलाद तापवले, ठोकले, तेलात बुडवले, मग वर लाकडी मूठ बसवली. मी कलमे करण्यासाठीचा चाकू. म्हणून माझी धार एकाच बाजूने उतरती काढलेली होती आणि दुसरी बाजू अगदी सपाट. सपाट बाजू काडीवर टेकली की काप सरळ उतरतो. ही सपाट बाजू कोणती ठेवायची हे काम करणाऱ्याच्या हातावरून ठरते. मला घडवणाऱ्याने उजवा हात गृहीत धरला होता. हे मला फार उशिरा कळले.

पुढे मी एका रोपवाटिकेत गेलो. तिथल्या कलमे बांधणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. तब्बल सव्वीस वर्षे मी त्यांच्या एप्रनच्या खिशात काढली. मावशी मला कधी आवळून धरत नसत. नव्या माणसाला त्या सांगत, "अरे, त्याचा गळा दाबायचा नाहीये आपल्याला. चार बोटं मुठीभोवती, अंगठा बाजूला टेकलेला. मनगट हलवायचं नाही, कोपरापासून हात ओढायचा. आणि काडी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत कधीच नाहीत. कधीच म्हणजे कधीच." लोक त्यांच्या कलमांची तारीफ करीत. मला वाटे, यात माझाही वाटा आहे. पण खिशात पडल्या पडल्या पुन्हा हुरहुर लागे. पुढचा काप नीट जाईल ना?

मग मावशींच्या बोटांचे सांधे सुजू लागले. मदतीला त्यांची भाची आली. वीस वर्षांची, कामाला चलाख. ती जेवायची डाव्या हाताने, लिहायचीही डाव्या हाताने. पण मावशींनी मला तिच्या उजव्या हातात दिले.

"मावशी, मला हा हात वळतच नाही."

"वळेल गं. हत्यार उजव्या हातातच धरायचं. मीही तसंच शिकले."

आठवडाभराने ती मातीच्या पिशवीला भोक पाडत होती. काप घेण्याऐवजी तिने माझे टोक खुपसले. टोक आतल्या काटकीत अडकले, तिने जोर लावला आणि स्प्रिंग हरली. मी मिटलो. तिच्या बोटावर मिटलो. मला थांबायचे होते, पण मला थांबता येत नाही. तीन टाके पडले.

त्यानंतर ती मला हात लावीना. मावशींनी मला फळीवर ठेवून दिले. पुसायचे मात्र विसरल्या. माझ्या सांध्यात चीक सुकला, पात्यावर तांबडे ठिपके आले. वर्षभर मी तिथे तळमळत पडलो होतो. पावलांचा आवाज आला की वाटे, आली ती. आणि लगेच वाटे, नकोच यायला.

एके सकाळी एक निवृत्त नर्स ओल्या फडक्यात काही काड्या गुंडाळून आल्या. त्यांच्या अंगणातून गटार खणायचे होते, म्हणून नासपतीचे झाड पाडले गेले होते. ते त्यांच्या यजमानांनी लावलेले. यजमान आता नव्हते.

"बावीस काड्या वाचवल्यात," त्या म्हणाल्या. "एक तरी जगवा. बाकी काही मागत नाही मी."

काड्या दोन-तीन दिवसांत सुकून गेल्या असत्या. मावशींनी मला घासून पुसून हाती घेतले. त्यांची सुजलेली बोटे वळेनात. पाच काड्या वाया गेल्या. सहावीला त्यांनी हातच लावला नाही. त्यांनी मला भाचीसमोर ठेवले.

भाचीने मला उचलले. आधी उजव्या हातात. दोन काड्या फुकट गेल्या. मग तिने काही न विचारता मला डाव्या हातात घेतले. काय सांगू! मूठ तिच्या तळव्यात अशी बसली जणू तिथलीच. अंगठा आपसूक जागेवर गेला, मनगट स्थिर राहिले. मला वाटले, आता जमले. पण काप घ्यायला गेलो तर मी लाकडात आत आत घुसू लागलो. काडीला खळगा पडला. तिसरीही गेली.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्याच हातात खोट आहे."

मावशींनी ती काडी उजेडात धरली. खळग्यावरून बोट फिरवले. मग माझे पाते उलटसुलट करून पाहिले आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"तुझ्या हातात नाही गं. धार उलट्या बाजूला आहे. मी तुला माझाच हात शिकवत बसले. माझंच चुकलं, बाळा."

उरलेल्या चौदा काड्या ओल्या फडक्यात ठेवून आम्ही तिघे तडक धारवाल्याकडे गेलो. मावशी म्हणाल्या, "याची सपाट बाजू बदलून दे. डावरा कर याला."

धारवाला चपापला. "मावशी, मग तुमच्या हाताला हा कायमचा गेला."

"माझ्या हातात आहे तरी कुठे तो आता?"

चाक फिरू लागले. त्यावर पाणी ठिबकत होते. सव्वीस वर्षांची माझी ओळख पाण्याबरोबर खाली वाहत होती. दुखले का? हो, दुखले. पण त्याहून भीती मोठी होती. या नव्या धारेने तिचे दुसरे बोट कापले तर?

दुपारी भाचीने आधी कुंपणाच्या काटक्यांवर हात बसवला. मावशी शेजारी बसून एकेक काटकी पुढे करीत होत्या. मग पहिली नासपतीची काडी. एकच ओढ, आणि काप काचेसारखा सपाट. काडी मुळे असलेल्या रोपाच्या खुंटाला अशी चिकटली की मधून उजेड दिसेना. संध्याकाळपर्यंत चौदाही बांधून झाल्या.

त्यानंतरचे आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी नऊ कलमांना पालवी फुटली. नर्सबाई रोप न्यायला आल्या, तेव्हा भाचीचा डावा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

मित्रांनो, माझी काळजी घेणे अवघड नाही. चीक पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा, मला खुपसण्याच्या कामाला लावू नका, आणि मिटताना मुठीच्या खाचेत बोट ठेवू नका. आता मी भाचीच्या खिशात असतो आणि अजूनही अस्वस्थच असतो. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे: कुणाच्या हाती हत्यार द्याल, तर कसे धरायचे हे सांगण्याआधी विचारा, "तुझा हात कोणता?"