मॅडमना रेकॉर्डिंग कशाला हवंय?

नवख्या संशोधकावर एवढी माया कोण फुकट करतं? पर्यावरण शिक्षणावरच्या माझ्या प्रबंधासाठी मी नाल्याकाठी शाळकरी मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हापासून मार्गदर्शक मॅडम चहा पाजून रेकॉर्डिंग मागत होत्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या असणार, दुसरं काय! शेवटी मी एकच मुलाखत दिली, तीही मूळ प्रत घरी कुलपात आहे असं बजावून.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खोलीचं दार लावलं. म्हटलं, आता खरा रंग दिसणार.

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. नाला कुणी घाण केला, आता काय करायला हवं, सगळं मीच सांगत होते. मुलं मधूनमधून फक्त "हो ताई" म्हणत होती.

"परीक्षकांच्या आधी मला ऐकायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "मूळ प्रत कुलपात ठेवलीयस ना? तिच्याशेजारी तोंडही ठेव आणि पुन्हा जा."