आरशाची कड

चष्मेवाल्याला बसवत नव्हतं. खिडकीपाशी जाई, तिथून दाराशी, दारातून परत खिडकीपाशी. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय."

"परवा उद्घाटन आहे."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे."

गावाला माहीत होतंच. सहा वर्षांपूर्वी भूगोलाच्या बाईंनी बंद पंपघराच्या गच्चीवर वेधशाळा बांधायचं डोक्यात घेतलं, तेव्हा लोक हसले होते. मग एकेक हात लागत गेला. कुणी विटा वाहिल्या, कुणी जिना दुरुस्त केला. वेल्डरने पत्रे वाकवून घुमट केला आणि ट्रकच्या जुन्या बेअरिंगांवर असा बसवला, की एका हाताने ढकलला तरी फिरे. दुर्बिणीचा आरसा मात्र चष्मेवाल्याच्या गळ्यात पडला, कारण काचेतलं त्यालाच कळतं असं सगळ्यांचं म्हणणं. बारा इंची जाड काच त्याने दुकानामागच्या खोलीत चौदा महिने घासली. आधी वाळूसारखी पूड, मग पिठासारखी.

आणि बुधवारी दुपारी, आरसा दुर्बिणीत बसवण्याआधी, त्याने तो सहज पुन्हा तपासला. खोली अंधारी करून आरशावर दिव्याचा उजेड टाकायचा, परतणाऱ्या उजेडात ब्लेड हळूच सरकवायचं, की काचेतली चूक सावलीसारखी उमटते. मधला भाग दृष्ट लागण्यासारखा होता. कडेला मात्र बोटभर पट्टा चहूबाजूंनी खाली झुकला होता. काचेवर चकचकीत मुलामा चढवून आणायच्या घाईत शेवटची तपासणी आपण उरकून टाकली होती, हे त्याला पक्कं आठवलं.

दोन दिवस त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आज बायकोला सांगितलं.

"बघणाऱ्याला कळेल?" तिने विचारलं.

"नाही. तारा जरा पसरट दिसेल. म्हणतील, आज हवा बरी नाही."

"मग झालं तर."

"ते म्हणतील हवा. मी काय म्हणू?"

त्याने चपला पायांत सरकवल्या.

पंपघरावर वेल्डर बेअरिंगांना ग्रीस लावत होता. बाई खाली खुर्च्या मोजत होत्या. चष्मेवाल्याने दोघांना एकत्र बोलावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

वेल्डरचा चेहरा उतरला. "काका, माझी आई रोज विचारते, चंद्र कधी दाखवतोस. तिला काय सांगू? आरसा नासला?"

"नासला नाही. कड बिघडलीय."

"कड झाकली तर?" बाईंनी विचारलं.

हे त्याला बुधवारीच सुचलं होतं. काळ्या पुठ्ठ्याचं कडं बसवलं की काम भागत होतं. पण मग आरसा साडेदहा इंचीच उरणार, आणि चौदा महिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बारा इंची म्हणून सांगत आला होता. हेही त्याने सांगितलं. सांगताना कान तापले.

बाई हसल्या नाहीत. "साडेदहा पुष्कळ झाले," म्हणाल्या.

वेल्डर थोडा वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "पुठ्ठा नको, वाकेल. मी पातळ पत्रा कापून देतो. माप सांगा."

रविवारी दिवस मावळता मावळता जिन्यावर रांग लागली. वेल्डरच्या आईला दोघांनी धरून वर नेलं. तिने डोळा लावला आणि इतका वेळ लावला, की मागचे कुजबुजू लागले. "खड्डेच खड्डे आहेत रे," ती म्हणाली, "आणि किती स्वच्छ." चष्मेवाला सबंध वेळ गच्चीच्या टोकाला येरझारा घालत होता. त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी आली. चंद्राची धार ब्लेडसारखी लख्ख होती. तरी त्याला त्या झाकलेल्या पट्ट्याचीच रुखरुख लागून राहिली.

ढगाळ महिन्यांत वेधशाळा बंद झाली, तसा त्याने आरसा उतरवला. या वेळी वेल्डरही घासायला आला. दोघे आळीपाळीने नऊ आठवडे खपले. कड जवळजवळ सरळ झाली. नखाएवढा पट्टा तेवढा राहिला, आणि तो राहिल्याचं चष्मेवाल्याने त्याच दिवशी बाईंच्या घरी जाऊन सांगितलं.