सुगंधनाथांचं उपरणं

भरतेशच्या द्राक्षबागेत कवठे महांकाळचा आठवडी बाजार लोटल्यासारखी गर्दी होती. पानांवर दावण्या हा बुरशीचा रोग उतरला होता आणि तो घालवायला सुगंधनाथ महाराज आले होते. महाराजांनी खांद्यावरच्या उपरण्याला हात पुसला, एक रोगट पान चोळलं, आणि पार बांधापर्यंत द्राक्षाचा गोड वास दरवळला! लोकांनी हात जोडले.

"वेलीचा आत्मा जागा झाला," महाराज गरजले. "आता फवारणी बंद! औषध मारलं की आत्मा रुसतो. रुसलेला आत्मा घड धरतो का? नाही धरत!"

भरतेशनं वर पाहिलं. आभाळ दाटलेलं; असल्या हवेत आजची फवारणी चुकली, तर वर्षाचं पीक हातचं जाणार. पण वास तर त्यानं स्वतःच्या नाकानं घेतला होता.

"आण्णा, औषध कालवून ठिवलंय," लेक प्राची म्हणाली.

"थांब गं जरा."

तेवढ्यात भरतेशची आई, सुंदरीअव्वा, भक्तिभावानं पुढं आली. "महाराज, त्या कोपऱ्यात आमचा रानाचा राखणदार, क्षेत्रपाल द्येव हाय. त्येच्या म्होरची येल आधी जागी करा. पर अंघोळ करून, धुतलं धोतर नेसून. सोवळ्याबिगर तितं कोण जात न्हाई."

"माते, आमचा देह नित्य शुद्ध असतो."

"व्हय की. आमचं देवळातलं उपाध्ये बी शुद्धच हाईत, तरी रोज अंघोळ करत्यात."

लोक हसले. महाराजांचा नाइलाज झाला. अव्वानं गाळलेलं पाणी दिलं, साबण दिला, घरातलं धोतर दिलं. उपरणं दोरीवर राहिलं.

अंघोळ करून आलेल्या महाराजांनी क्षेत्रपालापुढच्या वेलीचं पान चोळलं. पुन्हा चोळलं. पानाला पानाचाच वास आला.

"गर्दीत कुणीतरी नास्तिक आहे!"

"मघा बी हीच गर्दी हुती की, महाराज," म्हातारे दादासो म्हणाले.

प्राची दोरीखाली उभी राहून हुंगत होती. "आण्णा, ह्यो तर माझ्या लिपबामचा वास!"

गर्दीत उभ्या असलेल्या, तिच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विनोदिनीबाईंनी उपरण्याचं टोक घेऊन भरतेशच्या चपलेवर चोळलं. चप्पल द्राक्षासारखी घमघमली.

"आगं बया! चपलीचा बी आत्मा जागा झाला!" अव्वा उद्गारली.

"हे कारखान्यात बनणारं सुगंधी रसायन, मिथाइल अँथ्रानिलेट," बाई म्हणाल्या. "ओठांच्या मलमात, गोळ्यांत घालतात. काही परदेशी काळ्या द्राक्षांना तसा वास असतो. पण भरतेश, तुमच्या ह्या हिरव्या सोनाका जातीच्या द्राक्षाला कधी आला?"

भरतेश ओशाळला. जन्मभर घड खुडले, पेट्या भरल्या. असा वास कधीच आला नव्हता. गोळ्या चघळून शिकलेला वास त्यानं आपल्याच बागेचा मानला होता.

महाराज ओल्या केसांनी मोटारीकडं सुटले. "आवं, धोतर तेवढं ठिवून जावा!" अव्वा मागून ओरडली.

"माझं नाकच खोटं निघालं, बाई," भरतेश पुटपुटला.

"नाही. वास खराच होता. तो आला कुठून, एवढंच विचारायचं राहिलं. हात जोडायच्या आधी तेवढं विचारत जा."

भरतेशनं पंप सुरू केला. औषधाचा उग्र दर्प बागेत पसरला. अव्वानं पदर नाकाला लावला.

"ह्यो कुठनं आला," ती म्हणाली, "ते मला पक्कं ठावं हाय."