जानरावांनी जमवलेला आकडा

पिंपळगाव राजा या गावाजवळच्या एका शाळेत दर्शनी भिंतीवर काय लिहायचं, यावरून रेणुका मॅडम मुख्याध्यापक नीळकंठ सरांशी महिनाभर भांडल्या होत्या. सरांना सुविचार हवा होता. मॅडमना आकडा हवा होता, आणि तोही केवढा! एकपासून दहापर्यंत चढायचं, मग परत एकपर्यंत उतरायचं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. एवढी लांबलचक, पण मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कोणीच भागू शकत नाही. "चुकलं तर खुशाल चुना फासा," असंही मॅडम बोलून बसल्या. शहाण्या माणसानं असं बोलू नये, पण गणिताचे शिक्षक बोलतात.

भिंतीच्या उद्घाटनाच्या सकाळी रंग वाळला आणि सहावीतल्या मयुरीनं सहज सगळ्या अंकांची बेरीज केली.

"मॅडम, एक्याऐंशी येते. मंग इले तीननं भाग जाते न!"

मॅडमनी वर पाहिलं. १२३४५६७८९८७६५४३२१. दहा गायब!

पेंटर जानराव ब्रश धूत होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेलेली.

"मधात एक-शून्य होतं, मॅडम. दोन्ही बाजू सारख्या जमूनच नव्हत्या राह्यल्या. मले वाटलं, मोबाइलवर चुकून पडलं तुमच्याकून. म्या काढून टाकलं. आता पाहा, कशी झ्याक दिसते!"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभरात गाव जमणार, खामगावहून शिक्षण खात्याचे साहेब येणार, आणि आकड्याखाली ठसठशीत ओळ: 'हिला कोणीच भागू शकत नाही.' सरांनी चुन्याची बादली मागवलीसुद्धा. "सुविचार काय वाईट होता?" एवढंच म्हणाले. तेही झोंबलं.

दोन्ही बाजू सारख्या... मॅडम थबकल्या. अकरा गुणिले अकरा, १२१. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा, १२३२१. त्यांनी खडू घेतला, ओट्यावर नऊ वेळा एक लिहिला, त्याखाली पुन्हा तेच, आणि गुणाकार मांडला. एकेक ओळ एक घर डावीकडे सरकत गेली. बेरीज केली, तर भिंतीवरचाच आकडा खाली उतरला. मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्या एकट्याच खदाखदा हसत सुटल्या.

"जानराव, फक्त खालची ओळ बदला. लिहा, 'नऊ एकांचा वर्ग.'"

साहेब आले, चष्मा सावरून त्यांनी भिंत वाचली आणि विचारलं, "हे कशावरून?"

मॅडमच्या आत्ता कुठे लक्षात आलं. मूळ संख्येबद्दल साहेबांनी हेच विचारलं असतं, तर 'इंटरनेटवर वाचलं' यापलीकडे त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. वाचले बाई, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्या तोंड उघडणार, तोच मयुरीनं साहेबांच्या हातात खडू दिला.

"तुमीच करून पाहा न, सर. सोप्पं आहे. हातचा घ्याच लागत नाही."