दुसरी बाटली

मोठ्या दिरांनी ताईच्या कानाखाली वाजवली आणि ती पडली नाही, तेव्हा शेडमधले सगळे हातोडे थांबले. मारण्याचं कुणाला काही नव्हतं, ते रोजचंच होतं. ताई उभी राहिली, हे नवीन होतं. गालावर पाची बोटं उमटलेली, आणि बाई सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "झालं?"

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मासळीबाजाराला बर्फ पुरवायचा आमचा घरचा धंदा. मोठे दीर तो चालवतात, माझा नवरा गाडी पोचवतो, मी फोनवर मागण्या घेते आणि ताई फोडलेला बर्फ क्रेटमध्ये भरते. दिरांचा हात उठायला कारण लागत नसे. चहा गार झाला, गाडीला उशीर झाला, आभाळ भरून आलं, काहीही चाले. ताई एका फटक्यात खाली बसायची, मग लाथा खायची, मग भिंतीला धरून उठायची आणि बर्फाचा खडा तोंडात टाकून कडाकडा चावत पुन्हा कामाला लागायची. दिवसभर तिचं तोंड चालूच. आम्ही थट्टेने म्हणायचो, हिला जेवायला वाढूच नका, एक लादी पुढ्यात ठेवा.

सासूबाई मला ऐकवायच्या, "थोरलीकडून शीक जरा. किती सोशीक आहे!" मी एकदा नवऱ्याच्या अंगावर गाडीचा पाना घेऊन धावले होते, त्यामुळे हे मला उठता-बसता ऐकावं लागे.

मग एके दिवशी ताई कुणी हात न लावताच शेडमध्ये कोसळली. मी तिला उठवून, आधार देत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं.

"हिमोग्लोबिन सहा," त्या म्हणाल्या. "बारा हवं. चालत कशा आलात तुम्ही? बर्फ खावासा वाटतो का हो?"

ताईने चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. अंगातलं लोह संपलं की पुष्कळांना ही हाव सुटते म्हणे. तिच्या गर्भाशयात गाठ होती आणि दर महिन्याला नको इतकं रक्त वाहून जात होतं. गाठ काढायलाच हवी, पण रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं बाईंनी बजावलं. लोहाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर ताई उलट्यांनी हैराण झाली. मग ठरलं की लोह शिरेतूनच द्यायचं. दोन बाटल्या, मध्ये आठवडाभराचं अंतर.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सोशीक म्हणे! बाईच्या अंगात हात उचलण्याइतकंही रक्त नव्हतं, आणि आमच्या घराने त्याला गुणाचं नाव देऊन ठेवलं होतं.

पहिली बाटली कोऱ्या चहासारखी काळपट होती. ती हळूहळू ताईच्या हातात उतरली आणि आम्ही घरी आलो. थोड्याच दिवसांत बर्फ सुटला. "नकोसाच वाटतो गं," ती नवलाने म्हणाली. मग ती जिना मध्ये न थांबता चढायला लागली. मग एका सकाळी दीर चहावरून ओरडले, तर ती म्हणाली, "गार असेल तर गरम करून घ्या." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी दुपारी ती कानाखालची बसली.

"झालं?" ऐकून दीर पेटले. लादी उचलायचा लोखंडी चिमटा त्यांच्या हाताशी होता. तो त्यांनी ताईच्या पाठीत घातला, एकदा नाही, ती गुडघ्यावर येईपर्यंत. माझा नवरा गाडीच्या दाराशी खांबासारखा उभा. मी क्रेट फेकला, तो लागला नाही, म्हणून दिरांच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. मला त्यांनी झटकून भिंतीवर आपटलं आणि ताईच्या केसांना धरून म्हणाले, "त्या बाटलीने डोकं फिरलंय तुझं. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढलीस, तर तंगडं मोडून हातात देईन."

दुसरी बाटली राहिली ती राहिलीच. ताईची पाठ बरी होईपर्यंत एक पाळी येऊन गेली, मग आणखी एक. तिच्या चेहऱ्यावर आलेली लाली ओसरली. एका सकाळी मी शेडमध्ये गेले, तर ती लादीला टेकून उभी, तोंडात बर्फ, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"परत सुरू झालं गं," ती म्हणाली. "मार मी खाईन एक वेळ. पण मला परत तसं व्हायचं नाहीये. तो मारायचा ना, तेव्हा मला रागसुद्धा यायचा नाही."

मी नवऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. "तू चालवतोस की मी चालवू?" त्याने किल्ली घेतली आणि बसला गाडीत. नवरा झाल्यापासून त्याने केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

दवाखान्यातल्या लांबट खोलीत चार खुर्च्या होत्या. एका जाडजूड सिस्टरने ताईच्या डाव्या हाताला सुई लावली. बाटली अर्धीसुद्धा झाली नव्हती, तोच दार आपटलं. शेडमधल्या कुणीतरी चुगली केली होती. दिरांच्या मागे पहारेकरी धावत होता, पण ते आधी पोचले.

"ऊठ!" म्हणत त्यांनी ताईचा सुईचा हात धरला आणि पिळला. ताई किंचाळली. सुई शिरेतून निसटली, कोपराखाली टेंगूळ आलं आणि कातडीखाली तपकिरी रंग पसरत गेला. सिस्टरने झडप घालून नळी बंद केली. दिरांनी दुसऱ्या हाताची मूठ ताईच्या तोंडावर मारली. तिचा ओठ फाटला.

ताई उठली. शेजारच्या टेबलावर स्टीलचा ट्रे होता. तो तिने उजव्या हातात घेतला आणि आडवा दिरांच्या नाकावर हाणला. काडकन आवाज झाला. त्यांचा हात सुटला. तिने पुन्हा हाणला, कानावर. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा दीर जमिनीवर बसून, ओंजळीत साचणारं स्वतःचं रक्त बघत होते. त्यांच्यात ते भरपूर होतं.

ताईने तिसरा घाव घातला नाही. ट्रे जागेवर ठेवला.

पहारेकऱ्याने आणि माझ्या नवऱ्याने मिळून त्यांना बाहेर ओढलं. हो, माझ्या नवऱ्याने. दारातून दीर ओरडले, "घरी ये, जिवंत सोडत नाही तुला!"

"मी येणार नाहीये," ताई म्हणाली. ओरडली नाही, नुसतं सांगितलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी हात तपासला, ओठ पुसला. कातडीवरचा डाग महिनोन्‌महिने राहील, कदाचित कायमचा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोलिसांना त्यांनी स्वतःच फोन लावला.

सिस्टर घामाने डबडबली होती. "आज राहू दे," ती म्हणाली. "मी पुढची तारीख देते."

ताईने वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं. मग ती खुर्चीत बसली, उजवी बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढे केला.

"अर्ध्याहून जास्त बाकी आहे. या हाताला लावा."

सिस्टरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ताईची नाडी पाहिली आणि मान डोलावली. सिस्टरने नवी सुई उघडली, शीर चाचपली आणि थबकली.

"अहो, हात थरथरतोय. अशाने कशी घालू?"

"तो तुमचा हात आहे, सिस्टर," ताई म्हणाली. "माझा नाही. घाला."